विभागात सुरक्षितता समन्वयक कसा नेमावा: नव्या विभागप्रमुखांसाठी

तुम्ही नुकतेच विभागप्रमुख झाला आहात. पहिल्याच महिन्याच्या टपालात कुलसचिव कार्यालयाचं एक परिपत्रक येतं: ‘आपल्या विभागातील एका शिक्षकाची आरोग्य व सुरक्षा समन्वयक म्हणून नेमणूक करून त्यांचे नाव, पदनाम व भ्रमणध्वनी क्रमांक आठ दिवसांत कळवावा.’ लिपिक दारात उभा. “सर, कोणाचं नाव टाकू?” मागच्या वेळी कोणाचं होतं? ते तर निवृत्त झाले. मग जो नुकताच रुजू झालाय, ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचं नाव जातं आणि कागद बाहेर पडतो.

माझं नाव असंच गेलं होतं. रजेवरून परत आले तर टेबलावर आदेशाची प्रत. “काही करायचं नसतं हो मॅडम, नाव लागतं फक्त,” असं कार्यालयातून सांगितलं गेलं. सहा महिन्यांनी एका रात्री संशोधन प्रयोगशाळेत टाकाऊ द्रावकांची अडीच लिटरची बाटली फुटली. कोणीतरी उरलेलं नायट्रिक आम्ल त्यात ओतून बूच घट्ट लावलं होतं. रात्रीचे अकरा वाजले होते, आत कोणी नव्हतं, म्हणून काचा फक्त समोरच्या सूचनाफलकात रुतल्या. दुसऱ्या दिवशी पहिलं पत्र मला: ‘समन्वयक या नात्याने आपण कोणती उपाययोजना केली होती, याचा खुलासा दोन दिवसांत सादर करावा.’ माझ्याकडे त्या खोलीची चावीसुद्धा नव्हती.

त्यानंतर बरीच वर्षं मी हे काम केलं, पुढे दुसऱ्यांना नेमलंही. खालच्या पायऱ्या महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठाच्या विज्ञान विभागाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. उदाहरणं रसायनशास्त्राची जास्त आहेत, कारण माझे हात त्यातच भाजलेत.

१. आधी पदाचं नाव नीट ठेवा

हसू नका, निम्मा गोंधळ इथेच होतो. मराठीत ‘सुरक्षा’ म्हणजे सिक्युरिटीही आणि सेफ्टीही. प्रत्येक विद्यापीठात ‘सुरक्षा अधिकारी’ आधीपासून असतो, पण तो फाटकावरच्या रखवालदारांचा प्रमुख. माझ्या आदेशावर ‘विभागीय सुरक्षा समन्वयक’ असं लिहिलं होतं. परिणामी सुट्टीतल्या पहाऱ्याच्या पाळ्या ठरवायला मला बोलावणं येई आणि ईथरच्या बाटल्यांबद्दलचं माझं पत्र सुरक्षा अधिकाऱ्यांच्या टेबलावर जाऊन पडे. ते निवृत्त सुभेदार. एकदा स्वतः पत्र घेऊन आले आणि म्हणाले, “मॅडम, ही बाटली आमच्या हद्दीत येत नाही.”

म्हणून आदेशात ‘आरोग्य व सुरक्षितता समन्वयक’ असं लिहा. परिपत्रकात शब्द काहीही असो, तुमच्या आदेशात तुम्ही तो सुधारू शकता. सुभेदारसाहेबांशी मात्र पहिल्याच आठवड्यात चहा घ्या. ते पुढे लागणार आहेत.

२. जबाबदारी सरकत नाही, हे मान्य करा

कारखान्यांची गोष्ट वेगळी. १९४८ च्या कारखाना कायद्याने हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना सुरक्षा अधिकारी नेमायला लावले. तिथे ती पगारी, शिक्षणाची अट असलेली जागा झाली. विद्यापीठाच्या विभागात तसा माणूस आपोआप मिळत नाही. तिथे शिकवणं, संशोधन, परीक्षा सांभाळून हे काम करणारा एक सहकारी असतो. तो तुमचे डोळे आणि कान. सही आणि उत्तर तुमचंच, आणि प्रत्येक प्रयोगशाळेपुरतं तिथल्या मार्गदर्शक प्राध्यापकाचं.

कोणाला हे पटत नसेल तर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं प्रकरण सांगा. डिसेंबर २००८ मध्ये तिथे एक तेवीस वर्षांची संशोधन सहायक टर्शरी ब्युटिल लिथियम सिरिंजने घेत होती. सिरिंजचा दट्ट्या निघून आला आणि हवा लागताच पेटणारं ते द्रावण अंगावर उडालं. अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, एप्रन नव्हता. जानेवारी २००९ मध्ये ती गेली. पुढे फौजदारी आरोप ठेवले गेले ते तिच्या प्राध्यापकावर आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळावर. आमच्या विभागसभेत हे सांगितल्यावर एरवी मोबाईल बघणारे दोघे-तिघे वर बघायला लागले होते.

३. माणूस शोधण्याआधी विभाग फिरा

बहुतेक जण उलटं करतात. आधी नाव देतात आणि काम काय ते नंतर बघू म्हणतात. विभागात धोके कोणते हेच माहीत नसेल तर कोणत्या प्रकारचा माणूस हवा हे कसं कळणार? एक दुपार काढा. बरोबर सगळ्यात जुन्या प्रयोगशाळा परिचर मामांना घ्या. कुठलं कपाट कधीपासून उघडलेलं नाही, हे तुमच्या नोंदवहीपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

वही घेऊन जा आणि हे बघा:

- ईथर, टेट्राहायड्रोफ्युरानसारखे द्रावक कधी उघडले याची तारीख बाटलीवर आहे का? हे द्रावक हवेशी संयोग होऊन पेरॉक्साइड बनवतात. बुचाभोवती स्फटिक दिसले तर बाटलीला हात लावू नका, हलवू नका, खोली बंद करून जाणकाराला बोलवा.
- सिलिंडर साखळीने बांधलेले आहेत का? हायड्रोजनचा लाल, ॲसिटिलिनचा मरून, ऑक्सिजनचा काळा आणि मानेशी पांढरा. कोणता कुठे आणि कशाशेजारी ठेवलाय ते लिहा. डिसेंबर २०१८ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सिलिंडरच्या स्फोटात एका संशोधकाचा जीव गेला. ती देशातली नावाजलेली संस्था. आपण कोण लागून गेलो?
- धूर खेचणाऱ्या कपाटाचा, म्हणजे फ्यूम हूडचा, कोठार झालाय का? समोर टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती आत ओढली जात नसेल तर ते कपाट फक्त शोभेचं.
- घरगुती फ्रिजमध्ये द्रावक ठेवलेत का? आतल्या दिव्याची किंवा थर्मोस्टॅटची एक ठिणगी पुरते. त्याच फ्रिजमध्ये कोणाचा डबा दिसला तर तो कोणाचा हे विचारायला लाजू नका.
- डोळे धुण्याचा फवारा सुरू करून बघा. आमच्याकडे पहिल्यांदा सुरू केला तेव्हा तांबडं पाणी आलं आणि त्यात एक झुरळ.
- मागचं दार उघडतं का?

“आमच्या विभागात रसायनं नाहीत, आम्हाला कशाला समन्वयक?” असं मराठी, इतिहास, अर्थशास्त्र विभागांचे प्रमुख म्हणतात. त्यांनीही फिरावं. तीस-चाळीस वर्षांचे शोधप्रबंध कॉरिडॉरमध्ये छतापर्यंत रचलेले, एकाच फळीवर किटली, प्रिंटर आणि हीटर, जिन्याखाली निकामी खुर्च्या. आग लागायला रसायनं लागत नाहीत. भूशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राचं निम्मं काम तर सह्याद्रीत. तिथले धोके म्हणजे कडा, निसरडी वाट, साप आणि भर पावसात शेवटच्या एसटीची वेळ.

४. कायद्याने लागणाऱ्या नेमणुका वेगळ्या आहेत, त्या यात मिसळू नका

इथे पुष्कळ जण अडखळतात. एक समन्वयक नेमला म्हणजे सगळं झालं असं वाटतं. तसं होत नाही.

विभागात किरणोत्सारी स्रोत असेल किंवा क्ष-किरण विवर्तनमापी असेल, तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येता. २००४ च्या किरणोत्सार संरक्षण नियमांनुसार विकिरण सुरक्षा अधिकारी लागतो. त्याचं नाव तुम्ही सुचवता, पण त्याला मंडळाची मान्यता लागते. त्यासाठी ठरलेली पात्रता आणि प्रशिक्षण आहे. अर्ज मंडळाच्या ई-लोरा या संकेतस्थळावरून होतो. विभागातला आदेश काढून हे भागत नाही.

जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांवर काम चालत असेल तर १९८९ च्या नियमांनुसार संस्थात्मक जैवसुरक्षा समिती हवी. तिच्यात केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असतो. रक्ताचे नमुने, सुया, संसर्ग झालेलं साहित्य निघत असेल तर २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम, त्यांच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या वर्गवारीसकट, लागू होतात. घातक रसायनांचा कचरा २०१६ च्याच दुसऱ्या नियमांखाली येतो. तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या केंद्राकडे जायला हवा. राज्यात अशी केंद्रं तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. करार विद्यापीठ पातळीवर होतो. तो झालाय का, एवढं तुम्ही कुलसचिव कार्यालयाला लेखी विचारा. विचारल्याची प्रत जपून ठेवा.

समन्वयकाने ही सगळी कामं स्वतः करायची नाहीत. कोणती नेमणूक कोणाकडे आहे आणि मुदत कधी संपते, एवढा तक्ता त्याच्याकडे हवा.

दिल्लीत हे विस्कटलं तेव्हा काय झालं ते आठवा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेलं गॅमा किरणोत्सर्गाचं एक उपकरण १९८५ पासून पडून होतं. २०१० च्या फेब्रुवारीत ते जुन्या सामानाबरोबर लिलावात गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं. एप्रिलमध्ये काही जण रुग्णालयात दाखल झाले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. आपल्याकडेही डेडस्टॉक रजिस्टर आहे, निर्लेखन समिती (निकामी वस्तू नोंदीतून काढून टाकणारी) आहे, भंगाराचा लिलाव आहे. त्या समितीच्या कागदावर ‘यात काय आहे?’ असं विचारणारी सही कोणाची असते? भांडारपालाची, लेखा विभागाची, तुमची. आत काय आहे हे माहीत असणारा माणूस तोवर निवृत्त झालेला असतो. म्हणून माझा आग्रह: समन्वयकाच्या सहीशिवाय विभागातलं एकही उपकरण निर्लेखित व्हायचं नाही. हे वाक्य आदेशातच घाला.

५. आता माणूस

कोणाला नेमू नये, हे सांगणं सोपं.

तासिका तत्त्वावरच्या किंवा कंत्राटी शिक्षकाला नेमू नका. मे महिन्यात त्याची नेमणूकच संपते. शिवाय पुढच्या वर्षी घ्यायचं की नाही हे ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याच प्रयोगशाळेत जाऊन ‘सर, हे बंद करा’ असं तो कसा म्हणेल? भांडारपालाला एकट्याला नेमू नका. मागणी आणि साठा त्याच्याकडेच असतो. जास्त साठा झालाय हे त्याने स्वतःविरुद्ध लिहायचं का? दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांना नेमू नका, त्यांना सल्लागार ठेवा. आणि स्वतःचं नाव स्वतः टाकू नका. तक्रार तुमच्याविरुद्ध असेल तर ती कोणाकडे द्यायची?

चांगला उमेदवार तो, ज्याचं ज्येष्ठ प्राध्यापक ऐकतात, जो स्वतः अजून प्रयोगशाळेत उभा राहतो आणि ज्याच्याकडे विद्यार्थी आपली चूक कबूल करायला घाबरत नाहीत. तिसरा गुण सगळ्यात दुर्मीळ. शिस्तप्रिय म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका सरांना आम्ही एकदा नेमलं. ते शिट्टी घेऊनच फिरायचे म्हणा ना. चप्पल घातली, दंड. एप्रन नाही, बाहेर. सहा महिन्यांत विभाग कागदावर निर्दोष झाला, कारण काही सांडलं तर पोरं गुपचूप पुसून मोकळी व्हायची.

शिक्षक एकटा पुरत नाही. जोडीला प्रयोगशाळा सहायक सहसमन्वयक म्हणून द्या. रोजचं बघणं त्यांचं, थांबवण्याचा अधिकार शिक्षकाचा. प्रत्येक संशोधन प्रयोगशाळेतून एक विद्यार्थी घ्या आणि दरवर्षी बदला. समन्वयक आणि सहसमन्वयक या दोघांपैकी एक तरी स्त्री असेल असं बघा. गरोदर संशोधक मुलीने कोणत्या द्रावकाजवळ काम करू नये, हे विचारायला तिला कोणीतरी सोयीचं माणूस हवं. बऱ्याच मुली चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत बोलत नाहीत. किरणोत्साराच्या खोलीत तर गर्भासाठी मात्रेची मर्यादा वेगळी आणि फार कमी आहे, त्यामुळे तिथे लवकर कळणं महत्त्वाचं.

नाव पाठवण्याआधी त्या माणसाला समोर बसवून विचारा. “करशील का?” आणि पुढे, “करायचं तर तुला काय लागेल?” जो लगेच हो म्हणतो त्याच्यापेक्षा जो तीन गोष्टी मागतो तो बरा.

६. आदेश असा लिहा

परिपत्रकाला उत्तर म्हणून फक्त नाव कळवू नका. विभागाचा स्वतंत्र कार्यालयीन आदेश काढा, त्याला जावक क्रमांक द्या आणि प्रत कुलसचिवांना, अधिष्ठात्यांना, सुरक्षा अधिकाऱ्यांना व विभागातल्या प्रत्येक शिक्षकाला द्या. आम्ही वापरत होतो त्याचा गाभा असा:

‘डॉ. ______ यांची दि. ______ पासून दोन वर्षांसाठी विभागाचे आरोग्य व सुरक्षितता समन्वयक म्हणून आणि श्री./श्रीमती ______, प्रयोगशाळा सहायक, यांची सहसमन्वयक म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे. समन्वयकांना विभागातील कोणत्याही खोलीत पूर्वसूचनेशिवाय प्रवेश करता येईल. जीवितास तात्काळ धोका दिसल्यास कोणतेही काम थांबविण्याचा त्यांना अधिकार राहील व असे काम विभागप्रमुखांच्या लेखी आदेशाशिवाय पुन्हा सुरू करता येणार नाही. नवीन रसायन, सिलिंडर वा उपकरण खरेदीच्या प्रस्तावावर तसेच निर्लेखनाच्या प्रस्तावावर त्यांचा अभिप्राय आवश्यक राहील. या नियुक्तीमुळे संबंधित प्रयोगशाळेच्या प्रभारी शिक्षकांची जबाबदारी कमी होत नाही.’

शेवटचं वाक्य गाळायला अनेक जण सांगतील. गाळू नका. आणि ‘काम थांबविण्याचा अधिकार’ हे शब्द वाचून विभागसभेत कुरकुर होणार, हे धरून चला. माझ्या वेळी एका ज्येष्ठांनी विचारलं, “म्हणजे उद्या ही माझी प्रयोगशाळा बंद करणार?” तत्कालीन विभागप्रमुख म्हणाले, “हो सर. आणि परवा मी उघडणार, तुम्ही पाइप बदलल्यावर.” तेवढं एक वाक्य बोलणारा प्रमुख पाठीशी नसेल तर आदेशाचा कागद भेळेच्या कामाचा.

आदेशासोबत समन्वयकाच्या हातात ही फाइल द्या:

- आधीच्या समन्वयकाच्या नोंदी (नसतील तर ‘नाहीत’ असं लिहून सही)
- विभागाचा नकाशा, त्यावर मुख्य वीजखटके, पाण्याचे व गॅसचे कॉक आणि बाहेर पडण्याची दारं
- रसायनांची यादी व त्यांची सुरक्षितता माहितीपत्रकं, छापील, कारण आगीत वायफाय चालत नाही
- अग्निशमन उपकरणांच्या तपासणीची प्रमाणपत्रं. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून ‘नमुना ब’ वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचा असतो
- पायरी ४ मधल्या मान्यता आणि त्यांच्या मुदती
- सर्व खोल्यांच्या जादा चाव्या

७. वेळ, पैसा

आठवड्याचे निदान दोन तास लागतात. अध्यापनाच्या कार्यभारातून ते वजा करणं तुमच्या हातात नसेल, तर दुसरीकडून सोडवा: प्रवेश समिती, दक्षता पथक, स्नेहसंमेलन, यांतून त्या व्यक्तीला मुक्त करा. वार्षिक स्वयंमूल्यमापनात हे काम प्रशासकीय जबाबदारी म्हणून दिसेल असं प्रमाणपत्र द्या.

पैसा थोडाच लागतो, पण तो लगेच लागतो. तीन दरपत्रकं मागवून चष्मे येईपर्यंत सत्र संपतं. विभागाच्या आकस्मिक खर्चातून थोडी रक्कम फक्त यासाठी बाजूला काढा आणि लेखा विभागाला टिप्पणी पाठवून ते मान्य करून घ्या. पहिल्या खरेदीत चष्मे, नायट्राइलचे हातमोजे, सांडलेलं शोषून घ्यायला वाळू आणि सोडा. जिथे हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम. भूशास्त्रवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. ते आम्ल लागलं तर सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातं.

८. प्रशिक्षण

इंटरनेटवरचं एखादं दोन तासांचं प्रमाणपत्र मिळवून थांबू नका. मुंबईत शीव इथे केंद्रीय श्रम संस्था आहे, नवी मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आहे. दोन्ही ठिकाणचे अभ्यासक्रम कारखान्यांकडे झुकलेले असतात, तरी धोका ओळखायची नजर तिथे तयार होते. परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ ची, म्हणून राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह ४ मार्चला सुरू होतो. त्या आठवड्यात गावच्या अग्निशमन दलाला बोलवा. ते आनंदाने येतात आणि विद्यार्थ्यांच्या हातात खरं नळकांडं देतात. सोडियम पेटल्यावर पाणी का मारायचं नाही, हे व्याख्यानात ऐकलेलं विसरतं. मैदानात पाहिलेलं विसरत नाही.

९. पहिले तीन महिने

पहिल्या आठवड्यात प्रत्येक दारावर कागद: प्रभारी कोण, समन्वयक कोण, दोघांचे नंबर आणि खाली ठळक ११२, १०१, १०८. विद्यापीठाच्या दवाखान्याचा नंबर वेगळा, कारण रात्री तिथे कोणी उचलत नाही हेही माहीत असायला हवं.

पहिल्या महिन्यात टाकाऊ रसायनांची व्यवस्था. माझी बाटली विसरू नका. आम्लं वेगळी, सेंद्रिय द्रावक वेगळे, क्लोरीनयुक्त द्रावक आणखी वेगळे. प्रत्येक बाटलीवर काय, कधी आणि कोणी ओतलं याची चिठ्ठी. बूच घट्ट लावायचं नाही, वायू जायला वाट ठेवायची.

याच महिन्यात एक साधी वही सुरू करा: ‘थोडक्यात टळलेल्या घटना’. तिच्यात नाव लिहायची सक्ती नको. पहिल्या महिन्यात तिच्यात काहीच नसेल तर खूश होऊ नका. त्याचा अर्थ पोरं अजून घाबरतायत. आमच्या वहीत पहिली नोंद एका मावशींनी सांगून लिहवून घेतली होती: कचऱ्याच्या डब्यात तुटलेली काच येते, बोट कापतं. पंधरा वर्षं येत होती. कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात इमारत रिकामी करण्याचा सराव. आमचा पहिला सराव सपशेल फसला. शिट्टी झाल्यावर सगळे आंब्याखाली जमायचे होते. दोघे संशोधक आलेच नाहीत, “यंत्रावर नमुना चालू होता.” आणि मागच्या दाराला कुलूप. चावी मामांकडे, मामा गावाला. चौकशी केली तर कुलूप सुरक्षा अधिकाऱ्यांच्या लेखी सूचनेनुसार होतं: मागून संगणक चोरीला जातात. त्यांची सुरक्षा दार बंद करते, आपली सुरक्षितता ते उघडं मागते. दोघांचंही बरोबर. शेवटी सुभेदारसाहेबांनीच तोड काढली: आतून ढकलताच उघडणारी आडवी कडी आणि उघडली की वाजणारी घंटी. पहिल्या पायरीतला चहा इथे कामी आला.

तिसऱ्या महिन्यात समन्वयक तुम्हाला दोन पानी अहवाल देईल. तो विभागसभेच्या इतिवृत्तात घ्या. ज्या गोष्टी तुमच्या अधिकारात नाहीत, म्हणजे जुनं वायरिंग, दुरुस्त न झालेला जिना, त्या स्थावर विभागाला लेखी कळवा आणि आवक शिक्का मारलेली प्रत फाइलला लावा. काम होईल याची खात्री नाही. पण उद्या खुलासा मागितला तर समन्वयकाच्या हातात काहीतरी असेल.

१०. बदल आणि हस्तांतरण

दोन वर्षं झाली, किंवा ती व्यक्ती बाहेरदेशी फेलोशिपवर गेली, की नवा आदेश काढायच्या आधी जुना आणि नवा समन्वयक एकत्र विभाग फिरले पाहिजेत. फाइल, चाव्या, वही, मान्यतांचा तक्ता यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. विकिरण सुरक्षा अधिकारी बदलत असेल तर मंडळाकडे नवीन मान्यता येईपर्यंत जुन्याला सोडू नका.

आणि दारांवरचे कागद त्याच दिवशी बदला. मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर एका पहाटे फोन आला होता: “मॅडम, तळमजल्यावर गॅसचा वास येतोय, काय करू?” मुख्य कॉक कुठे आहे ते मी सांगितलं, खिडक्या उघडायला आणि दिव्याच्या बटनाला हात न लावायला सांगितलं. मग विचारलं, माझा नंबर कुठून मिळाला? दारावर होता.